वाचकांचे प्रश्न : मोडेमला दोन्ही दिशांना सारखाच वेग लागतो का?

डायल-अप मोडेमबद्दल (टेलिफोन लाइनवरून संगणकाला इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्राबद्दल) आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न एकाच गाठीभोवती फिरतात : येणारा वेग आणि जाणारा वेग वेगळे का असतात, आणि ते तसे असल्याने काही बिघडते का. म्हणून या वेळी हा एकच विषय घेतला आहे. ‘येणारा’ म्हणजे दूरच्या टोकाकडून तुमच्याकडे आणि ‘जाणारा’ म्हणजे तुमच्याकडून तिकडे, असा अर्थ सर्वत्र धरावा. मोडेमच्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरे आणि अंक रोमनच वापरावेत.

प्रश्न : माझा मोडेम ‘५६ के’ आहे. जोडणी झाल्यावर येणारा वेग ४९,३३३ आणि जाणारा २८,८०० दिसतो. दोन्ही सारखे यायला नकोत का? मोडेम सदोष आहे की लाइन?

उत्तर : दोन्ही धडधाकट आहेत. हे आकडे चांगल्या जोडणीचे आहेत. ‘५६ के’ हा आकडा फक्त येणाऱ्या दिशेचा असतो. व्ही.९० या १९९८च्या मानकात जाणारी दिशा मुळातच ३३,६०० बिट प्रतिसेकंदांपर्यंत आहे. ही कंजुषी नव्हे; टेलिफोनची रचनाच तशी आहे.

तुमच्यापासून एक्सचेंजपर्यंत तांब्याची जोडतार असते आणि तिच्यावरून अ‍ॅनालॉग, म्हणजे सलग बदलणारा, संकेत जातो. एक्सचेंजमधल्या लाइन कार्डावरची चिप त्या संकेताचे सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत, म्हणजे २५६ ठरलेल्या पायऱ्यांपैकी एकीवर बसवते. पुढचा सगळा प्रवास आकड्यांचा. खरी पातळी दोन पायऱ्यांच्या मधे कुठेतरी असते आणि ती जवळच्या पायरीवर ढकलली जाते. या ढकलण्यात होणारी बारीक चूक दूरच्या मोडेमला खरखरीसारखी ऐकू येते आणि ती नंतर पुसता येत नाही. लाइनची वापरण्याजोगी रुंदी ३,१०० हर्ट्झ आणि संकेत खरखरीपेक्षा ३५ डेसिबल वर असे धरून शॅननच्या (लाइनचा कमाल शक्य वेग सांगणाऱ्या) सूत्रात घातले, तर सेकंदाला ३६,००० बिटांच्या आसपास छत लागते. व्ही.३४चा (व्ही.९०च्या आधीचे, दोन्ही टोके अ‍ॅनालॉग धरणारे मानक) ३३,६०० हा वेग त्या छताला जवळजवळ टेकलेला आहे.

येणाऱ्या दिशेत चित्र उलटे आहे. सेवा देणाऱ्याचा मोडेम टेलिफोनच्या जाळ्याला थेट डिजिटल लाइनने जोडलेला असतो. तो अ‍ॅनालॉग संकेत बनवतच नाही. कितवी पायरी हवी ते आकड्यानेच सांगतो. लाइन कार्ड तेवढाच व्होल्टेज तारेवर ठेवते. ढकलाढकली नाही, म्हणून ती खरखरही नाही. तुमच्या मोडेमने कोणती पायरी आली एवढे ओळखायचे. शून्याजवळच्या पायऱ्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की तारेच्या दुसऱ्या टोकाला त्या वेगळ्या कळत नाहीत. त्यामुळे ८ पैकी ७ बिटच हिशेबात धरले : ७ गुणिले ८,००० म्हणजे ५६,०००. प्रत्यक्षात याच्याही खालीच जोडणी होते.

आकडे विचित्र का, हेही यातूनच उलगडते. व्ही.९० मध्ये येणारा वेग २८,०००पासून साधारण १,३३३च्या टप्प्यांनी चढतो, म्हणून ४९,३३३ किंवा ५०,६६७ असे तुटक आकडे दिसतात. जाणारा वेग २,४००च्या टप्प्यांनी चालतो, म्हणून २६,४००, २८,८००, ३१,२००.

खरी शंका घ्यायची ती दोन्ही वेग सारखे दिसू लागले तर. येताना-जाताना दोन्हीकडे ३१,२०० किंवा त्याच्या आसपास आणि त्यावर कधीच नाही, असे असेल तर व्ही.९० जमले नाही आणि मोडेम व्ही.३४ वर उतरला आहे. बहुतेक वेळा कारण एकच : वाटेत अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर दोनदा होते आहे. इमारतीतले पीएबीएक्स (अंतर्गत फोनांचे छोटे एक्सचेंज), किंवा एका तारेवर अनेक ग्राहक चढवणारी कॅरियर यंत्रणा, ही नेहमीची ठिकाणे. मोडेम पीएबीएक्सच्या मागून काढून थेट बाहेरच्या लाइनला लावून पाहा. तरीही फरक पडला नाही तर दोष तुमच्या आवाराबाहेरचा आहे. लांब लाइनवर आवाज सुधारण्यासाठी बसवलेली लोडिंग कॉइलही वरच्या फ्रिक्वेन्सी कापून हाच परिणाम करते.

प्रश्न : फक्त फाइली उतरवून घ्यायच्या असतील तर जाणारा वेग कमीत कमी किती हवा? तो शून्य असला तर चालणार नाही का?

उत्तर : शून्य चालणार नाही, पण लागतो तो फार थोडा. टीसीपीने (इंटरनेटवर माल पोचल्याची खात्री करणाऱ्या पद्धतीने) आलेल्या मालाची पोचपावती परत जावी लागते. पावती नाही गेली तर पाठवणारा हात आखडतो आणि थांबतो.

तुमच्या आधीच्या वाचकाचीच जोडणी घेऊ : येणारा ४९,३३३. एका पाकिटात १,५०० बाइट, म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला चार पाकिटे येतात. साधारण दर दोन पाकिटांना एक पावती जाते आणि साधी पावती ४० बाइटची असते : २० आयपीचे, २० टीसीपीचे. म्हणजे सेकंदाला दोन पावत्या, ८० बाइट. वरचे वेष्टन धरून ७०० बिट. त्यांच्याकडे जायला २८,८०० बिटांचा रस्ता आहे आणि त्यातला चाळिसावा हिस्साही लागला नाही.

पाकीट ५७६ बाइटचे ठेवले तर सेकंदाला ११च्या आसपास पाकिटे आणि पाच-सहा पावत्या. हिशेब १,७००-१,८०० बिटांवर जातो. काही जुनी सॉफ्टवेअरे प्रत्येक पाकिटाला पावती देतात. तिथे दुप्पट धरा. पीपीपीच्या (मोडेमवरून इंटरनेटची पाकिटे नेणारी पद्धत) मांडणीत ‘व्हॅन जेकबसन हेडर कॉम्प्रेशन’ हा पर्याय असतो, तो चालू ठेवा. एकाच जोडणीतल्या लागोपाठच्या पाकिटांच्या शीर्षकात फार थोडे बदलते, तेवढेच तो पाठवतो, आणि ४० बाइटची पावती वेष्टनासकट दहा बाइटच्या आत येते.

यावरून एक साधा ठोकताळा निघतो. मोठ्या पाकिटांसाठी ३,००० बाइट आले की ४० बाइट जातात, म्हणजे ७५ला १. छोट्या ५७६च्या पाकिटांसाठी २९ला १. येणारा वेग जाणाऱ्याच्या इतक्या पटींच्या आत असला की पावत्या मागे पडत नाहीत. वरच्या जोडणीत हे प्रमाण पावणेदोनला १ आहे. एकेरी उपग्रह सेवेत येणारा माल ताटलीवरून ४०० किलोबिटने आणि जाणाऱ्या पावत्या साध्या मोडेमवरून, अशी व्यवस्था चालली ती याच हिशेबावर : ४०० किलोबिटच्या पावत्यांना साडेपाच हजार बिटांच्या आसपास पुरतात.

प्रश्न : मग मी मोठी फाइल पाठवत असताना उतरवणे जवळजवळ बंद का पडते? दोन्ही दिशा वेगळ्या आहेत ना?

उत्तर : तारेवर वेगळ्या आहेत, रांगेत नाहीत. तुमची पोचपावती आणि तुमची जाणारी फाइल एकाच दारातून बाहेर पडतात. २८,८०० वर १,५०० बाइटचे एक पाकीट बाहेर पडायला ०.४२ सेकंद लागतात. फाइलची दहा पाकिटे आधीच रांगेत असली तर ४० बाइटची पावती चार सेकंद मागे उभी राहते. तिकडे पाठवणारा पावतीची वाट पाहत हात बांधून बसतो आणि येणारी दिशा रिकामी पडते. जाणारा वेग दुप्पट केला तरी रांग तशीच राहील, फक्त थोडी लवकर सरकेल.

उपाय रांग आखूड ठेवण्याचा आहे. फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगाची मर्यादा असेल तर ती जोडणीच्या जाणाऱ्या वेगाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास लावा. २८,८०० म्हणजे सेकंदाला ३,६०० बाइट; मर्यादा २,५०० ते २,७०० बाइट ठेवा. मर्यादेची सोय नसेल तर पीपीपीचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १,५००वरून ५७६ करा. मग एक पाकीट ०.१६ सेकंदात निघते आणि पावतीला मधे शिरायला जागा मिळते. तुमचा राउटर लहान पाकिटांना पुढे काढत असेल तर ते चालू करा. या दुखण्यावर त्याहून गुणकारी काही नाही.

प्रश्न : जुन्या मोडेमवर ‘१२००/७५’ असे छापलेले आहे. ७५ बिटांचा उपयोग तरी काय?

उत्तर : बोटांसाठी. हे व्ही.२३ मानक आहे. टेलिफोनवरून पडद्यावर माहिती दाखवणाऱ्या सेवा, ब्रिटनमधली प्रेस्टेल आणि फ्रान्समधली मिनिटेल (ही ३० जून २०१२ला बंद झाली) याच जोडीवर चालल्या. पडद्यावरचे पान १,२०० बिटांनी येते, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरे. उलट दिशेला फक्त कळा दाबलेल्या जातात. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट, तेव्हा ७५ बिट म्हणजे सेकंदाला साडेसात अक्षरे, मिनिटाला ४५०. इतक्या वेगाने सलग टंकलेखन करणारा माणूस विरळाच.

एकाच जोडतारेवर दोन्ही दिशा कशा बसवल्या ते पाहण्यासारखे आहे. ३०० बिटांच्या व्ही.२१ मध्ये टेलिफोनची अरुंद पट्टी दोन समान भागांत वाटली होती : फोन लावणारा ९८० आणि १,१८० हर्ट्झवर बोलतो, उचलणारा १,६५० आणि १,८५० वर. दोघांना सारखे, आणि म्हणून दोघांनाही थोडेच. व्ही.२३ने वाटणी मोडली. जलद दिशेला १,३०० आणि २,१०० हर्ट्झ असा ऐसपैस पट्टा दिला आणि सावकाश दिशेला खाली कोपऱ्यात ३९० आणि ४५० हर्ट्झवर बसवले. सारख्या वाटणीत दोन्हीकडे ३०० मिळत होते. वाटणी असमान केल्याबरोबर ज्या दिशेला गरज होती तिचा वेग चौपट झाला. त्या काळच्या स्वस्त भागांत हे साधले, याचे आम्हांला आजही कौतुक वाटते.

हा मोडेम संगणकाला जोडणार असाल तर एक अडचण येईल. पीसीच्या सिरीयल पोर्टमधल्या ८२५० जातीच्या चिपमध्ये वेग ठरवणारा भाजक एकच असतो. घेणे आणि पाठवणे एकाच वेगाने होते. १,२००ने घ्यायचे आणि ७५ने पाठवायचे, हे तिला जमत नाही. बाहेर पडणारे अक्षर मोडेमला सोळापट जलद दिसते आणि पलीकडे कचरा उमटतो. मोडेममध्ये स्वतःचा बफर असेल, म्हणजे तो संगणकाशी दोन्हीकडे १,२००ने बोलून लाइनवर ७५ करत असेल, तर प्रश्न नाही. नसेल तर दोन दिशांना वेगळा क्लॉक घेणारी चिप लागते; ८२५१ला तशा दोन स्वतंत्र पिना आहेत. बीबीसी मायक्रो या संगणकात घेण्याचा आणि पाठवण्याचा वेग वेगळा लावण्याच्या दोन आज्ञाच होत्या.

याच मोडेमवर इंटरनेट चालवता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. वरचा ठोकताळा लावा : १,२०० आणि ७५ हे प्रमाण १६ला १, म्हणजे मर्यादेच्या आत. पण ४० बाइटची एक पावती बाहेर पडायला ५.३ सेकंद लागतात आणि तोवर पाठवणाऱ्याला वाटते पाकीट हरवले. तो तेच पुन्हा पाठवतो. प्रमाण बरोबर असूनही विलंबाने घात होतो. हेडर कॉम्प्रेशन चालू केल्याशिवाय प्रयत्नही करू नका.

प्रश्न : फॅक्स तर दोन्ही बाजूंनी बोलतो. त्याचे वेग सारखे असतात का?

उत्तर : नाही. पान १४,४०० बिटांनी (व्ही.१७) एकाच दिशेने जाते. ‘काय करू शकतोस’, ‘पान मिळाले’ ही देवाणघेवाण ३०० बिटांच्या व्ही.२१ मध्ये होते, आणि एका वेळी एकच बाजू बोलते. पान संपल्यावर ऐकू येणारी ती सावकाश कुरकुर म्हणजे ३०० बिटांतली पोचपावतीच.

१९८६चा यूएस रोबोटिक्सचा एचएसटी मोडेम या वळणाच्या आणखी एक पाऊल पुढे होता : एका दिशेला ९,६००, उलट ३००, आणि ज्या बाजूला माल जास्त साचेल तिच्याकडे जलद दिशा आपोआप वळायची. दोन्हीकडून एकाच वेळी भरपूर माल असला की मात्र त्याची ओढाताण व्हायची.

प्रश्न : माझ्याकडे दोन ५६ के मोडेम आहेत. एकाने दुसऱ्याला फोन लावला तर ५६ के मिळेल का? एक्सचेंजशिवाय थेट तारेने जोडले तर?

उत्तर : दोन्ही प्रकारांत ३३,६००च्या वर जाणार नाही. ५६ के साठी एक टोक डिजिटल लाइनवर असावे लागते. तुमचे दोन्ही मोडेम अ‍ॅनालॉग, म्हणून दोघेही व्ही.३४ वर येतात. तार कितीही चांगली असली तरी पायऱ्या सांगणारे कोणी नाही.

थेट जोडायची कृती अशी. दोन्ही मोडेमच्या ‘लाइन’ खाचेत (‘फोन’ नव्हे) टेलिफोनच्या तारेची टोके लावा. मधल्या दोन तारा कामाच्या. काही मोडेम एवढ्यावर चालतात. लाइनवर प्रवाह नसेल तर जे उचलतच नाहीत, त्यांच्यासाठी दोनपैकी एक तार कापून तिच्यात ९ व्होल्टची बॅटरी आणि ३०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर एकापुढे एक जोडा. ही तार चुकूनही खऱ्या टेलिफोन लाइनला लावू नका. घंटेचा व्होल्टेज नसल्याने आपोआप उचलण्याची सोय इथे निरुपयोगी आहे. म्हणून एका बाजूला एटीएक्स३डी द्या (डायल टोनची वाट न पाहता लावणे) आणि लगेच दुसऱ्या बाजूला एटीए (उचलणे). दोन्हीकडे डी दिलात तर दोघेही फोन लावणाऱ्याच्या भूमिकेत जातात, उत्तराच्या स्वराची वाट पाहत बसतात आणि जोडणी होत नाही.

प्रश्न : माझ्या पडद्यावर ‘कनेक्ट ११५२००’ येते. म्हणजे दोन्हीकडे १,१५,२००?

उत्तर : तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या सिरीयल केबलचा वेग आहे, टेलिफोन लाइनचा नव्हे. केबलचा वेग दोन्हीकडे सारखाच असतो आणि लाइनपेक्षा जास्त ठेवावाच लागतो, कारण व्ही.४२बिस कॉम्प्रेशन साध्या मजकुराला चारपटीपर्यंत दाबते आणि २८,८००ची चौपट बरोबर १,१५,२०० होते.

लाइनचा खरा वेग हवा असेल तर एटी+एमआर=१ द्या; जोडणीच्या वेळी मोडेम मॉड्युलेशन आणि वेग सांगतो. जुन्या रॉकवेल चिपच्या मोडेमवर एटीडब्ल्यू२. फोन ठेवल्यानंतर रॉकवेल-कोनेक्झंटवर एटी&व्ही१ आणि यूएस रोबोटिक्सवर एटीआय६ दिले की शेवटच्या जोडणीचा ताळेबंद येतो. त्यात पाठवण्याचा आणि घेण्याचा वेग वेगवेगळा लिहिलेला असतो. एटी&व्ही१ मध्ये दोन्हींसाठी ‘शेवटचा’ आणि ‘सर्वांत जास्त’ अशा ओळी असतात. सर्वांत जास्त ३१,२०० आणि शेवटचा २१,६०० असेल, तर जोडणी सुरू असताना लाइन खालावली.

केबलच्या बाजूला एकच काळजी : फ्लो कंट्रोल (जागा भरली की पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय) हार्डवेअरचा ठेवा (रॉकवेलवर एटी&के३, यूएस रोबोटिक्सवर एटी&एच१&आर२), आणि सिरीयल पोर्टमधली चिप १६५५०ए असल्याची खात्री करा. १,१५,२०० वर दर ८७ मायक्रोसेकंदाला एक अक्षर येते. जुन्या १६४५० मध्ये एकाच अक्षराला जागा. संगणक क्षणभर दुसरीकडे रमला की अक्षर गेले. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची जागा आहे.

प्रश्न : लाइन खराब आहे. जोडणी चांगल्या वेगाने होते, पण दर काही मिनिटांनी सगळे थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. दोन्ही दिशांचा वेग सारखा बांधून टाकला तर स्थिर होईल का?

उत्तर : वेग बांधण्याने स्थिर होईल, सारखा करण्याने नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सारखा करण्याच्या नादात चांगली दिशाही खाली ओढली जाते.

मधे जे थांबते ते पुनर्प्रशिक्षण : मोडेम लाइन पुन्हा मोजतो आणि त्या काही सेकंदांत माल जात नाही. जोडणीच्या वेळी लाइन शांत असते, मोडेम तेव्हाच्या मापाने वेग ठरवतो, आणि खरखर वाढली की तोंडघशी पडतो. दोन दिशांना खरखर सारखी नसते. तुमच्या टोकाला जवळच्या विजेच्या तारांचा किंवा दिव्याच्या चोकचा गुणगुणाट शिरतो, तो येणाऱ्या क्षीण संकेतावर बसतो. दूरच्या टोकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून व्ही.३४ मध्ये प्रत्येक दिशेचा घेणारा स्वतःचे माप स्वतः घेतो आणि दोन्ही मोडेमना मान्य असेल तर दोन दिशांचे वेग वेगळे ठरतात. एखादा मोडेम असमान वेग मान्य करत नसला तर दोन्ही दिशा त्यातल्या कमी वेगावर येतात. आधीच्या व्ही.३२बिस मध्ये ही मोकळीक नव्हती.

तर असे करा. आधी तीन-चार जोडण्यांनंतर ताळेबंद पाहून कोणत्या दिशेचा ‘शेवटचा’ वेग ‘सर्वांत जास्त’ वेगाच्या खाली घसरतो ते लिहून ठेवा. फक्त त्या दिशेला टिकलेल्या वेगाच्या एक टप्पा खाली मर्यादा लावा. आज्ञा एटी+एमएस, आणि तिच्यातला क्रम : मानक, आपोआप निवड, पाठवण्याचा किमान, पाठवण्याचा कमाल, घेण्याचा किमान, घेण्याचा कमाल. शून्य म्हणजे ‘मोडेमनेच ठरवावे’. उदाहरणार्थ, एटी+एमएस=व्ही९०,१,०,०,०,४५३३३ म्हणजे येणारा वेग ४५,३३३च्या वर नको, जाणारा हवा तेवढा. जाणारी दिशा घसरत असेल तर चौथ्या जागी २६४०० लिहा. १९९७च्या आसपासच्या रॉकवेल मोडेमवर मानकाऐवजी अंक लागतो (व्ही.३४ साठी ११) आणि दोन दिशांच्या वेगळ्या मर्यादा नसतात.

येणारी दिशा ४०,०००च्या खालीच घुटमळत असेल तर व्ही.९० सोडून सरळ एटी+एमएस=व्ही३४ करून पाहा. आकडा कमी दिसेल, पण सतत चालणारे ३१,२०० हे दर तीन मिनिटांनी अडखळणाऱ्या ३८,६६७पेक्षा जास्त माल पोचवतात.

व्ही.९२ मोडेम असेल तर आणखी एक. २०००च्या या मानकात जाणारी दिशाही पायऱ्यांच्या पद्धतीने ४८,०००पर्यंत नेता येते. त्याची किंमत पुष्कळदा येणाऱ्या दिशेला मोजावी लागते. तिचा वेग काही टप्पे खाली येतो. तुम्ही मुख्यतः उतरवूनच घेत असाल तर एटी+पीआयजी=१ देऊन ही सोय बंद करा.

प्रश्न : इंटरनेट फोनच्या अ‍ॅडॉप्टरवर जुना मोडेम लावला आहे. जोडणी होते आणि लगेच तुटते. वेग कमी केला तरी तेच. दोन्हीकडे सारखा वेग असलेले मानक निवडावे का?

उत्तर : इथे पाहायचे ते दोन दिशा एकच पट्टी वापरतात की वेगवेगळ्या. व्ही.३२ आणि त्यापुढचे मोडेम दोन्ही दिशांना सगळी पट्टी वापरतात आणि स्वतःच्या बोलण्याचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे ऐकतात. प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो ते जोडणीच्या सुरुवातीला मोजलेले असते. अ‍ॅडॉप्टरचा जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटे सारखी करण्यासाठी थोडा वेळ धरून ठेवणारी जागा) मधेच लांबला की तो वेळ बदलतो, वजाबाकी चुकते, आणि मोडेमला स्वतःचाच आवाज कानात शिरतो. व्ही.२२बिसचे तसे नाही : एक बाजू १,२०० हर्ट्झभोवती, दुसरी २,४०० हर्ट्झभोवती; प्रतिध्वनी आला तरी तो गाळणीत अडकतो.

पाकीट हरवण्याचा फटकाही मोजून घ्या. एका पाकिटात बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० नमुने. व्ही.३४च्या सर्वांत जलद मांडणीत तेवढ्यात ६८ चिन्हे (संकेताचे एकेक ठरलेले रूप) जातात आणि त्यांतले प्रत्येक चिन्ह बरेच बिट वाहते. व्ही.२१च्या ३०० बिटांत तेवढ्या वेळात फक्त ६ बिट.

अ‍ॅडॉप्टरमध्ये कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) जी.७११च ठेवा, दाबणारा कुठलाही नको. शांतता ओळखून पाठवणे थांबवण्याची सोय बंद, प्रतिध्वनी-निवारण बंद, जिटर बफर बदलता नव्हे तर ठरावीक. मग एटी+एमएस=व्ही२२बी ने २,४०० वर सुरुवात करा. ते तासभर टिकले तर व्ही३२बी. व्ही.९०चा नाद सोडा. अ‍ॅडॉप्टरचे घड्याळ पलीकडच्या घड्याळाशी जुळलेले नसते, आणि पायऱ्या ओळखण्याच्या पद्धतीला नमुना न् नमुना जागेवर लागतो.

प्रश्न : कार्ड स्वाइपच्या यंत्रात १,२०० बिटांचा मोडेम का ठेवतात? ३३,६००चा दोन्हीकडे सारखा वेग चांगला नाही का?

उत्तर : ३०० बाइटचा संदेश १,२०० वर दोन सेकंदांत जातो. व्ही.३४ची ओळखपाळख व्हायलाच दहा सेकंदांच्या आसपास लागतात, १,२०० बिटांच्या व्ही.२२ची दोन-तीन सेकंदांत उरकते. ग्राहक काउंटरवर उभा असतो.

प्रश्न : एक्समोडेमने फाइल घेताना ५६ के वर वेग जेमतेम दशांश मिळतो. जाणारा वेग कमी असल्याने का?

उत्तर : नाही. एक्समोडेम ही फाइल पाठवण्याची जुनी पद्धत आहे. ती १३२ बाइटचा ठोकळा पाठवतो आणि एका बाइटच्या पावतीसाठी थांबतो. ५०,००० वर ठोकळा २१ मिलिसेकंदांत येतो, पण मोडेममधली प्रक्रिया आणि चूक-दुरुस्ती मिळून जाऊन-येऊन १०० ते २०० मिलिसेकंद खातात. ही वाट पाहणे जाणारा वेग ५६,००० केला तरी तेवढेच राहील. झेडमोडेम ही पद्धत वापरा, ती पावतीसाठी न थांबता पाठवत राहते, आणि चूक झाली तरच मागे येते.